रतनवाडी ते खिरेश्वर : तांब्याभर पाण्यातले चार दिवस

निघण्याच्या आदल्या रात्री बहिणीचा फोन आला. "चार दिवस पोरीला अंघोळ नाही, संडास नाही. आणि मध्येच तिची पाळी आली म्हणजे?" भाची सोळा वर्षांची, दहावीनंतर पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या वाटेला निघालेली. मी बहिणीला म्हटलं, "अंघोळ रोज होईल. संडासची सोय आपण करू. पाळी आली तर येऊ दे, मी आहे ना."

बहिणीची काळजी मला परकी नाही. वीस वर्षं सह्याद्रीत फिरते आहे. चढ झेपला नाही म्हणून डोंगर सोडलेल्या मुली मी फार थोड्या पाहिल्या. आडोसा कुठे शोधायचा, कपडा कधी बदलायचा, हे कुणी शिकवलंच नाही म्हणून सोडलेल्या पुष्कळ. लघवीला जावं लागू नये म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिणाऱ्या मुली दुपारी डोकं धरून बसतात आणि घरी गेल्यावर जळजळीने हैराण होतात. भाचीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

जानेवारीचा दुसरा आठवडा. मी, भाची, माझी जुनी ट्रेकची मैत्रीण आणि तिचे यजमान. वाट रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि उतरायचं खिरेश्वरला. मुक्काम तंबूत, पण तंबू गावातल्या अंगणात. भाचीने पिशवीत जाडजूड टर्किश टॉवेल कोंबला होता, तो काढायला लावला. हिवाळ्यात तो चार दिवस वाळत नाही आणि ओल्या टॉवेलला जो कुबट वास येतो तो सगळ्या पिशवीला लागतो. त्याऐवजी दोन पंचे दिले. एक अंग पुसायला, एक फक्त पायांसाठी. निघायच्या दिवशी सकाळी केस धुवून तेल लावून घट्ट वेणी घातली आणि नखं अगदी बुडापर्यंत कापली. ट्रेकची अर्धी स्वच्छता घरातच होते.

पहिला दिवस : रतनवाडी, रतनगड

भंडारदऱ्याहून जलाशयाच्या कडेकडेने जाणारा रस्ता रतनवाडीत पोचतो. अमृतेश्वराचं देऊळ, त्याच्या भिंतींवरचं कोरीव काम आणि जवळची पुष्करणी पाहून घेतली. वाटाड्या दादांच्या अंगणात तंबू लावले आणि पहिलं काम केलं ते हात धुवायच्या बाटलीचं. दोन लिटरची बाटली, बुडाजवळ खिळा तापवून पाडलेलं एक भोक. ती आंब्याच्या फांदीला सरळ टांगायची. झाकण जरासं सैल केलं की बारीक धार येते, आवळलं की थांबते. शेजारी जुन्या पायमोज्यात साबणाची वडी बांधून लोंबती ठेवायची, म्हणजे ती मातीत पडत नाही. एवढ्या पाण्यात चौघांचे हात दिवसभर धुऊन होतात.

सॅनिटायझरची बाटली भाचीकडे होतीच. ती फेकून देऊ नये, पण तिच्यावर विसंबूही नये. हात माती, घाम आणि तेलाने माखलेले असले की ते औषध कातडीपर्यंत नीट पोचत नाही, आणि जुलाबाचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. साबण लावून वीसपर्यंत आकडे मोजत घासलं की घाण हातावरून निघूनच जाते.

मी याबाबत एवढी कडक का, तेही भाचीला सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर गडावर मुक्काम होता. रात्री खिचडी झाली, कांदा चिरणाऱ्याने हात धुतले की नाही हे कुणी विचारलं नाही. पहाटेपर्यंत नऊपैकी पाचजणांना जुलाब. अंगातलं पाणी गेलेल्या एका मुलीला दोघांच्या खांद्यांवर हात टाकून खाली आणताना माझे पाय कापत होते. डोंगरात लोक सापाला भितात, न धुतलेल्या हाताला भीत नाहीत.

रतनगडाची वाट प्रवरेच्या पात्रातून, दाट झाडीतून जाते. नदी पुन्हापुन्हा ओलांडावी लागते. प्रवरा इथेच उगम पावते, पुढे १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अडते आणि मग अकोले, संगमनेर करत नेवाशाच्या पुढे गोदावरीला मिळते. तिला अमृतवाहिनी म्हणतात. त्या अमृतवाहिनीच्या पहिल्या एक-दोन किलोमीटरात एक मोठा ग्रुप रात्रीची भांडी साबणाने घासत बसला होता. डबक्यावर फेसाची साय धरली होती. मी थांबून बोलले. नदीचं पाणी भांड्यात भरून घ्या, सत्तर-ऐंशी पावलं लांब जा, तिथे घासा आणि पाणी मातीवर पसरून ओता. माती त्या पाण्याला गाळते, वाहता ओढा गाळत नाही. 'नैसर्गिक' म्हणून विकला जाणारा साबणही ओढ्यात साबणच असतो. दोघी मुली लगेच उठल्या, भांडी उचलून वर गेल्या. बाकीच्यांना पटलं नाही असं दिसलं.

शिड्या चढून गणेश दरवाजा, पुढे गडमाथा. नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, बसलं की वारा असा येतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. समोर अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाईची रांग. भाची तिथे अर्धा तास गप्प बसली होती. मला वाटलं देखावा पाहून. उतरताना कळलं की तिला केव्हाची लघवीला लागली होती आणि सांगायची लाज वाटत होती.

मग तिथेच तिची पहिली शिकवणी झाली. वाटेपासून आणि पाण्याच्या टाक्यांपासून लांब जायचं, निदान साठ मीटर. एकटीने जायचं नाही. दुसरी पाठ करून पहाऱ्याला उभी राहते. उतारावर उताराकडे तोंड करून बसायचं. धुवायला लहान बाटली वेगळी, तिच्यावर लाल दोरा बांधलेला, ती पिण्याच्या बाटल्यांत कधी मिसळायची नाही. आपल्याकडे पाण्याने धुवायची रीत आहे हे आपलं भाग्य आहे. कागद लागत नाही, म्हणून कागद मागे उरतही नाही.

संध्याकाळी अंघोळ. वाटाड्या दादांच्या वहिनींनी चुलीवर पाणी ठेवलंच होतं. मी एक तांब्या घेतला. भाची म्हणाली, "मावशी, एवढ्यात?" एवढ्यातच. पंचा कढत पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि आधी तोंड, कानामागे, मान. मग काखा, छातीखालचा भाग, पाठ. प्रत्येक वेळी पंचाची नवी घडी. मांड्यांचे सांधे आणि खालचा भाग शेवटी, तिथे साबण नको, नुसतं पाणी. उरलेल्या पाण्यात पाय, तेही दुसऱ्या पंचाने. मग पूर्ण कोरडं होऊन झोपायचे कपडे. हे कपडे पिशवीच्या तळाशी वेगळे बांधलेले असतात आणि त्यांना दिवसाचा घाम कधी लागू द्यायचा नाही. दिवसाचे कपडे घालूनच झोपणाऱ्यांना रात्री थंडी जास्त वाजते ती त्या ओलाव्यामुळेच. तंबूत शिरताना भाची म्हणाली, "खरंच अंघोळ झाल्यासारखं वाटतंय." काकस्नान आणि हे यांत फरक आहे.

दुसरा दिवस : कात्राबाईची खिंड, कुमशेत

पहाटे दव एवढं पडलं होतं की तंबू पिळून काढावा लागला. निघायच्या आधी गावातल्या शौचालयाचा उपयोग करून घेतला. हा माझा नेमच आहे. जिथे बांधलेली सोय आहे तिथे ती वापरायची, रान हे दुसरं ठिकाण. मैत्रिणीच्या यजमानांना मात्र तासाभराने वाटेत जावंच लागलं. आमच्याकडे एक खुरपं असतं. झाडीत जिथे पालापाचोळा कुजून माती काळी झाली आहे तिथे वीतभर, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा. त्याहून उथळ केला तर जनावरं उकरतात. फार खोल केला तर कुजवणारे जीव तिथे कमी असतात. काम झालं की माती लोटायची, वर दगड ठेवायचा आणि येऊन साबणाने हात धुवायचे. खुरप्याची पिशवी वेगळी, तिला भांड्यांच्या पिशवीत जागा नाही.

रतनगडाचा फाटा सोडून आम्ही कात्राबाईच्या वाटेला लागलो. कारवीच्या वाळक्या काटक्यांतून चढ सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, भाची मागे मागे राहते आहे आणि जॅकेट अंगातून काढून कमरेला बांधलं आहे. मी काही विचारलं नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने थांबले, बाकीच्या दोघांना पुढे पाठवलं. ती म्हणाली, "आली." आणि तिचे डोळे भरून आले. "आईने सांगितलं होतं."

मी माझ्या पिशवीतली काळी थैली काढून तिच्या हातात दिली. पॅड, अंतर्वस्त्रांची एक जादा जोडी, वर्तमानपत्राचे तुकडे, चेनच्या दोन प्लॅस्टिक पिशव्या आणि त्यांत मूठभर कोरडी चहापूड. कारवीच्या आडोशाला मी पाठ करून उभी राहिले. आधी हात धुवायचे, मग बदलायचं, मग पुन्हा धुवायचे. आधी हात धुवायला बहुतेकजणी विसरतात. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून चेनच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, ती काळ्या थैलीत. चहापूड वास धरून ठेवते. चालताना घाम आणि घर्षण दोन्ही असतात, म्हणून चार-पाच तासांनी बदलायचंच, भरलं असो वा नसो. मी स्वतः मेन्स्ट्रुअल कप वापरते. तो बारा तासांपर्यंत चालतो आणि मागे कचरा उरत नाही. पण त्याची सवय घरी दोन-तीन पाळ्यांत करावी लागते. डोंगरात पहिल्यांदा वापरून पाहायची ती वस्तू नाही.

"इथेच पुरलं तर?" तिने विचारलं. पॅडच्या पाठीला प्लॅस्टिक असतं, ते या मातीत तिच्या नातवंडांच्या काळापर्यंत राहील. शिवाय वासाने कोल्हं-कुत्रं ते उकरून काढणारच. जाळलं तर धूर घाण आणि अर्धवट जळलेला गोळा तसाच. म्हणून ते आपल्याबरोबर घरी येतं. आपण बिस्किटाचा कागद परत नेतो ना, तसंच.

खिंडीतून उतरलो तेव्हा ती पुढे होती आणि जॅकेट कमरेवरून सुटलेलं होतं.

कुमशेतच्या अंगणात आजी मक्याची कणसं सोलत होत्या. तंबू लावता लावता मी त्यांना हळूच सांगितलं. आजी उठल्या, काही न बोलता न्हाणीत कढत पाण्याची बादली ठेवली, आणि मग सुंठ-गुळाचं पाणी उकळायला घेतलं. रात्री चुलीपाशी बसून त्या बोलत होत्या. "आमाला कुटं व्हतं ह्ये समदं? लुगड्याच्या चिंध्या. धुवायच्या अंधारात, वाळवायच्या कुणाला दिसणार न्हाई आशा जागी. वल्ल्याच घ्यायच्या परत." ऊन लागलं असतं तर त्याच चिंध्या निर्मळ राहिल्या असत्या. कापड वाईट नव्हतं, ते लपवणं वाईट होतं. ओल्या, उबट कापडाने किती बायकांनी काय काय सोसलं असेल. भाची त्यांच्या शेजारी सरकून बसली. आजींच्या हातावरच्या सुरकुत्यांवरून ती बोट फिरवत होती.

जेवणाची ताटं आजींच्या सुनेने राखेने घासली. चुलीतली कोरडी राख तेलकटपणा धरते, आणि पाणी अर्ध्याहून कमी लागतं. आम्हीही आमची पातेली तशीच घासली. साबण पिशवीतच राहिला.

तिसरा दिवस : पाचनई

हा दिवस सोपा. मुळेच्या खोऱ्यात उतरायचं, पेठेची वाडी, मग पाचनई. देखाव्यात अजोबाचा डोंगर सतत सोबतीला.

नदी ओलांडताना मैत्रिणीचे बूट भिजले आणि तिने मोजे न बदलता चालायचं ठरवलं. पाचनईला पोचेपर्यंत टाच सोललेली आणि बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फुगलेली. पावसाळ्यात शेतकऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात, त्याची ही सुरुवात. पाय उन्हात उघडे ठेवले, पायांच्या पंचाने बोटांच्या मधून मधून कोरडे केले, टाचेला मलमपट्टी केली. मी मोज्यांच्या तीन जोड्या नेते. एक पायात, एक पिशवीवर पिना लावून वाळत, एक झोपायला राखलेली, कायम कोरडी. दुपारच्या जेवणाला बूट-मोजे काढून दहा मिनिटं पायांना वारा द्यायचा. मांड्या घासतात त्यांनी सकाळी निघतानाच खोबरेल तेल लावावं, लाल झाल्यावर लावून फक्त चुरचुरतं.

दुपारी कपडे धुतले. मुळेच्या काठावर नाही, तर घडी होणाऱ्या बादलीत पाणी भरून गावाच्या वरच्या पडीक खाचरात. हीच मुळा खाली राहुरीजवळच्या धरणात जाते आणि ते पाणी अहिल्यानगरच्या नळांना येतं. भाचीची एक मैत्रीण तिथे राहते. भाची म्हणाली, "म्हणजे मी आत्ता तिचंच पाणी वापरतेय?" मी म्हटलं, "आणि ती तुझं."

पिण्याचं पाणी विहिरीचं. स्वच्छ दिसत होतं, तरी रात्रीचं उकळून घेतलं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. दिवसाच्या बाटल्यांत क्लोरीनचे थेंब आणि अर्धा तास थांबायचं. तहान लागलेली असताना तो अर्धा तास फार मोठा वाटतो, म्हणून निघण्याआधीच थेंब टाकावेत. आणि बाटलीला तोंड न लावता वरून प्यायचं, ही घरात लहानपणी ओरडून शिकवलेली गोष्ट इथे कामी येते. चौघांच्या एका बाटलीने सर्दी-खोकला चौघांत फिरत नाही.

चौथा दिवस : हरिश्चंद्रगड, खिरेश्वर

पाचनईची वाट मोठ्या कपारीखालून जाते, डोक्यावर कातळाचं छत, बाजूला मंगळगंगेची घळ. हीच वाट सगळ्यांत सोपी म्हणून गर्दीही सगळ्यांत जास्त. वाटेशेजारच्या झुडपांमागे नजर टाकली आणि मन विटलं. पांढरे कागद, ओले वाइप्स, दोन ठिकाणी पॅडही. वाइप्स कागदाचे वाटतात, पण त्यांत बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत. पावसाळ्यात हे सगळं मंगळगंगेत जातं आणि पाचनईच्या दारात उतरतं. काल ज्या घरात आम्ही भाकरी खाल्ली त्या दारात. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्यांनी केलं ते वाईट लोक असतील असं मी म्हणत नाही, पण त्यांना डोंगरावर नेणाऱ्यांनी निघताना पाच मिनिटं हे बोलायला हवं होतं. ट्रेकचे पैसे घेताना गर्दी मोजता येते, तर आडोसे मोजायला काय हरकत आहे?

गडमाथ्यावर तर पुरायचीही सोय नाही. जिथे तिथे कातळ, त्यावर चार बोटं माती. कोकणकड्याच्या पठारावर खुरपं टेकवलं की खण्णकन वाजतं. म्हणून माथ्यावर जायच्या आधी गावातच मोकळं व्हायचं, आणि वर मुक्काम करणाऱ्यांनी कुठे जायचं हे स्थानिक माणसाला विचारूनच ठरवायचं.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, सप्ततीर्थ पुष्करणी, आणि मग केदारेश्वराची गुहा. गार पाण्यात उभं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत. लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालत होते. भाची उंबऱ्याशी थांबली. "मावशी, मी जाऊ?" तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, "तुझ्या मनात असेल तर जा. देवाची अडचण होत नाही." तिने आत जाऊन काठावरून हात जोडले, पाण्यात मात्र पाय घातला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "सकाळी पायांना तेल लावलंय. त्या पाण्यावर तवंग आला असता."

कोकणकड्यावर दुपार झाली. त्या वाकलेल्या कड्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी फक्त एवढंच सांगते की आम्ही चौघं पोटावर झोपून खाली पाहत होतो आणि कुणालाही उठावंसं वाटत नव्हतं.

उतरलो टोलार खिंडीने. रेलिंगचे कातळटप्पे, मग रान, मग पिंपळगाव जोगा धरणाचं चमकतं पाणी. खिरेश्वरला पोचेपर्यंत उन्हं कलली. एका घरी चहा सांगितला. अंगणात नळ होता, धो धो पाण्याचा, आणि मी मनात म्हटलं, आता पोरगी नळाखाली बसते. भाचीने पिशवी उतरवली, काळी थैली नीट वर ठेवली, घरच्या ताईंना विचारून तांब्या भरून घेतला आणि मागच्या बाजूला गेली. मोरीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ होती तिथे. एका तांब्यात तोंड, मान, हात, मग दुसऱ्या पंचाने पाय. सगळं पाणी कर्दळीच्या बुडाशी गेलं.

ताई चहा घेऊन आल्या. "अगं, नळ हाय की इथं," म्हणाल्या.

"झालं माझं," भाची म्हणाली आणि पंचा पिळून पिशवीवर पिना लावून टाकला.